एकतीस माणसं आणि अठ्ठावन्न चिंचोके

कांदा निवडायला बसलं की साली कुणी मुद्दाम साठवत नाही. तरी संध्याकाळी बघावं तर कोपऱ्यात हा ढीग. आमच्या ऑफिसातल्या गोष्टींचं तसंच झालंय. दर वेळी वाटतं, आता याहून जास्त काय व्हायचंय? आणि दुसऱ्या दिवशी चहाचं आधण ठेवेपर्यंत काहीतरी होतं, आणि मी तोंडावर पदर धरून उभी राहते.

ऑफिस आळेफाट्याला, पाइपच्या दुकानाच्या वर. माणसं आम्ही चार. अमोल मालक, आळ्याचाच, पुण्यात शिकून परत आलेला. रिझवाना प्रोग्रॅम लिहिते. ती जुन्नरची, तिच्या वडिलांचं पत्र्याच्या पेट्यांचं दुकान आहे. दत्ताभाऊ लोणीचे, मोटारसायकलवर गावोगाव फिरून फॉर्म भरून आणतात. आणि मी. मी ते फॉर्म कॉम्प्युटरात भरते. दहावी झालेय, सासर आळे, माहेर येडगाव.

आमचा धंदा याद्यांचा. नर्सरीतली रोपं कुणाला आधी, कुणाला नंतर, कुणाचा नंबर कितवा, अशा याद्या आम्ही लावून देतो. ऐकायला साधं वाटतं. मलाही तसंच वाटलं होतं.

*

नोकरी मागायला गेले तेव्हा अमोलनं विचारलं, "काकू, कॉम्प्युटर येतो का?"

मी खरं ते सांगितलं. "नाही. पण माझं अक्षर चांगलं आहे."

त्यानं खुर्ची वळवली. मग रिझवानाला म्हणाला, "घे शिकवायला. इतकं खरं बोलणारं माणूस एन्ट्रीला मिळत नाही."

पहिल्याच दिवशी मी एका शेतकऱ्याचं नाव दोनदा भरलं. लक्षात आलं तेव्हा रिझवानाला हळूच सांगितलं. तिनं एक बटण दाबलं. यादीत किती माणसं आहेत ते पडद्यावर आलं. बारा.

"मी तेरा वेळा भरलं गं."

"हो, पण माणसं बाराच आहेत ना? ही साधी यादी नाही काकू, हा सेट आहे. एकच माणूस दुसऱ्यांदा आला की हा आत घेतच नाही. आणि जे आत आहेत त्यांची रांग हा स्वतःच लावतो. मोठा पुढं, लहान मागं."

मी थक्क झाले. माहेरी हळदीकुंकवाला शेजारच्या शेवंताकाकी एकदा लाल लुगडं नेसून वाण घेऊन गेल्या आणि घटकाभरानं हिरवं नेसून परत आल्या होत्या. अंगणात दहा बायका होत्या, एकीला कळलं नाही. माझ्या आईनं दुसरी वाटी हातावर ठेवून वर कुंकूही लावलं.

आणि या पेटीला मात्र कळतं! त्या दिवसापासून मी कॉम्प्युटर सुरू करताना त्याला मनातल्या मनात नमस्कार करायला लागले.

*

दत्ताभाऊंचा मात्र पेटीवर भरवसा नव्हता. त्यांची मोजणी चिंचोक्यांवर. डाव्या खिशात चिंचोके घेऊन निघायचे. एका माणसाचं काम झालं की एक चिंचोका उजव्या खिशात. फॉर्म एक असो की दोन, माणूस एक तर चिंचोका एक.

एकदा लोणीहून चाळीस फॉर्म आणले आणि चिंचोके निघाले चौतीस. भाऊंचा चेहरा उतरला. सहा जणांनी दोनदा फॉर्म भरला असणार, म्हणून तसेच मोटारसायकलवर बसले, परत लोणीला गेले आणि घरोघर विचारायला लागले, "खरं सांगा, तुमी दोनदा भरला का?"

एक म्हातारी चिडली. म्हणाली, "आरं बाबा, हितं सून च्या एकदाच देती. मी फारम कशाला दोनदा भरू?"

संध्याकाळी त्यांच्या बायकोनं पँट धुवायला घेतली आणि उजव्या खिशात तिचं बोट आरपार गेलं.

तेव्हापासून भाऊंनी काहीही आकडा सांगितला की अमोल म्हणायचा, "भाऊ, आधी खिसा बघा."

*

मग ते डोळ्यांचं काम आलं. एका ट्रस्टचं मोतीबिंदूचं शिबिर. आळे, येडगाव, लोणी या तीन गावांतल्या म्हाताऱ्या माणसांची यादी करायची, वयानं मोठा तो आधी अशी रांग लावायची आणि किती माणसं आहेत तो आकडा कळवायचा. पुण्याचं हॉस्पिटल त्या आकड्याप्रमाणे तयारी करणार. गाडी, पलंग, डोळ्यात बसवायची भिंगं, सगळं.

यात माझी आई होती. आई येडगावला एकटीच राहते, तिच्या अकरा कोंबड्या आणि ती. डाव्या डोळ्याचं दिसणं कधीच गेलंय, उजव्यात धुकं. तिन्हीसांजेला बिबट्याच्या भीतीनं कोंबड्या आत घालायच्या, तर त्या ती हातानं चाचपून मोजायची. एकेकीच्या पाठीवर हात ठेवून एक, दोन, तीन. अकरा झाल्या की खुराड्याचं दार बंद. गावातल्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "मोतीबिंदू पिकलाय. हे वर्ष घालवू नका. पुढच्या वर्षी ऑपरेशन करून उपयोग होईल असं मी सांगू शकत नाही."

आईचा फॉर्म दत्ताभाऊंनीच भरून आणला. मला लाज वाटली. लोक म्हणतील, एन्ट्रीला बसली म्हणून स्वतःच्या आईला पुढं घातलं. म्हणून मी तो फॉर्म गठ्ठ्याच्या तळाशी ठेवला. सगळ्यांचे भरून झाले की शेवटी आईचा.

*

फॉर्म भरता भरता माझी बोटं थबकायला लागली. जन्मतारीख एक जून. पुढचा, एक जून. त्याच्या पुढचा, एक जून. मध्येच एखादा एक जानेवारी, की परत एक जून.

"दत्ताभाऊ, तुम्ही तारखा घरी बसून टाकल्या की काय?"

"वहिनी, माजी बी एक जूनच हाय. आन् माज्या थोरल्या बहिणीची बी. त्याच वर्साची. आमी दोघं एकाच दिवशी शाळंत घातलो. ती तीन वर्सानं मोठी, पर कागदावर जुळी."

तेवढ्यात येडगावचे भिवाआप्पा जिना चढून वर आले. त्यांना आपला फॉर्म पोचला का ते स्वतः बघायचं होतं. बघायचं म्हणजे विचारायचं, दिसत तर काहीच नव्हतं. चहाची बशी त्यांनी दोनदा टेबलाच्या बाहेर ठेवली, दोन्हीदा मी झेलली.

मी विचारलं, "आप्पा, तुमचा जन्म खरंच एक जूनचा?"

"ते गुरुजींना म्हाईत. माजा बाप म्हनला, नांगराचा बैल मेला त्या साली झाला ह्यो. गुरुजी म्हनले, बैलाची तारीख न्हाई लिवता येत. आन् लिवली एक जून. त्या दिवशी एका वळीत आमी अकरा पोरं बसलो व्हतो. अकरांना बी तीच. तुजी आई सरू माज्या शेजारीच व्हती. पाटी माजी आन् पेन्सिल तिची, आसं चाललं व्हतं आमचं."

आप्पा हसत हसत जिना उतरले. तीन पायऱ्या हातानं चाचपून.

मी सगळे फॉर्म भरले. शेवटी आईचा. सरूबाई, येडगाव, एक जून.

*

रिझवानानं बटण दाबलं. आकडा आला, एकतीस.

दत्ताभाऊंनी उजवा खिसा टेबलावर रिकामा केला. अमोलनं दोन-दोनच्या जोड्या लावून मोजले. अठ्ठावन्न.

"भाऊ, खिसा बघा."

"खिसा नवा हाय. बायकूनं दुहेरी शिवलाय. आन् खिशाला भोक आसलं तर चिंचोके कमी व्हतील, राव. जास्ती कसे व्हतील?"

मग मी कागदांचा गठ्ठा मोजला. चौसष्ट. काहींनी गावातही भरला होता आणि आठवडी बाजारात पुन्हा भरला होता, ते मला आठवत होतं.

चौसष्ट कागद, अठ्ठावन्न चिंचोके, एकतीस माणसं. अमोल डोकं खाजवत म्हणाला, "चौसष्टाचं निम्मं बत्तीस. म्हणजे जवळजवळ सगळ्यांनी दोन-दोन भरलेत. एका डोळ्याला एक फॉर्म असं वाटलं असणार लोकांना."

आम्हाला ते इतकं पटलं, की आम्ही हसलो. खरंच, आमच्या लोकांना असं वाटू शकतं.

दत्ताभाऊ हसले नाहीत. "अठ्ठावन्न डोस्की बघितल्यात मी," एवढंच म्हणाले आणि चिंचोके परत खिशात भरले.

ट्रस्टचा दोनदा फोन येऊन गेला होता. अमोलनं कळवून टाकलं. एकतीस.

*

दुसऱ्या दिवशी यादी छापून आली. मी सहज आईचं नाव शोधायला घेतलं. वरून खाली गेले. खालून वर आले. मग बोट ठेवून एकेक ओळ वाचली.

आई नव्हती.

मला वाटलं, मीच विसरले. लाजेपायी तळाशी ठेवला आणि भरायचाच राहिला. पण त्या फॉर्मवर माझी बरोबरची खूण होती. भरून झाल्याशिवाय मी खूण करत नाही.

कुणाला काही न बोलता मी जमिनीवर बसले आणि कागद पसरले. यादीत आहेत ते एका बाजूला, नाहीत ते दुसऱ्या बाजूला. दोनदा भरलेले सहा निघाले, फक्त सहाच. ते वेगळे केले. नसलेल्यांचा ढीग वाढत गेला. पंचवीस, सव्वीस, सत्तावीस. सत्तावीस जिवंत माणसं, ज्यांची नावं मी या बोटांनी भरली होती, ती आत नव्हतीच.

मग एक गोष्ट दिसली. नसलेला एक कागद उचलला, की त्याच तारखेचा, त्याच सालाचा एक माणूस यादीत सापडायचा. दर वेळी. एका सालच्या एक जूनवाल्यांपैकी एकच आत, बाकी सगळे बाहेर. आईच्या तारखेला आत होते भिवाआप्पा.

"रिझवाना," मी हाक मारली, "हे सगळे एका वर्गातले आहेत गं. वर्गातला एकच घेतलाय आणि बाकीच्यांना दारातून परत पाठवलंय."

ती आली. कागद बघितले. पडद्यावर काहीतरी उघडलं, एक ओळ वाचली आणि कपाळावर हात मारला.

"मी त्याला रांग लावायला फक्त जन्मतारीख दिली. दोघांची तारीख सारखी आली की त्याला वाटतं, हा तोच माणूस. मग तो दुसऱ्याला आत घेत नाही. काकू, मी सगळं तपासलं होतं. माझ्या मैत्रिणींच्या, भावंडांच्या तारखा टाकून. सगळं बरोबर आलं होतं."

मग ती अगदी हळू म्हणाली, "माझ्या तपासणीतली सगळी माणसं दवाखान्यात जन्मलेली होती."

तिच्या डोळ्यांत पाणी होतं. तिच्या स्वतःच्या अब्बांची तारीखही एक जूनच आहे, हे तिला तेव्हा आठवलं.

तिनं ती ओळ बदलली. तारीख सारखी आली तर नाव बघ, नाव सारखं आलं तर गाव बघ. आणि पुन्हा बटण दाबलं.

अठ्ठावन्न.

दत्ताभाऊ दारात उभे होते. त्यांनी आकडा बघितला. खिशातला एक चिंचोका काढून त्यांनी कॉम्प्युटरच्या वर ठेवला. तो अजून तिथंच आहे. मी धूळ पुसताना उचलते आणि परत ठेवते.

*

पण हॉस्पिटलची तयारी एकतीसचीच झाली होती. फोनवरचा माणूस म्हणाला, "बाकीच्यांना पुढच्या शिबिराला पाठवा." म्हणजे पुढच्या वर्षी.

अमोलनं फोन ठेवला आणि माझ्याकडे बघायचं टाळलं.

दत्ताभाऊ म्हणाले, "अठ्ठावन्न घरी जाऊन मी 'या' म्हनलंय. आता सत्तावीस घरी जाऊन 'तुमी मोजणीत न्हाई' आसं मी न्हाई म्हननार. दुसरा मानूस बघा."

"कुणी नका म्हणू," अमोल म्हणाला. "सगळे चला. बोलायचं ते मी बोलेन."

तर आम्ही गेलो. हॉस्पिटलची एक गाडी आणि दत्ताभाऊंनी भाच्याकडून आणलेल्या दोन जीप. हॉस्पिटलच्या दारात एक सिस्टर वही घेऊन उभी होती. ती मोजत गेली, आणि एकतीस झाल्यावरही माणसं उतरतच राहिली. तिनं पेन खाली केलं आणि आत जाऊन मोठ्या डॉक्टरबाईंना घेऊन आली.

अमोलनं हात जोडून सगळं सांगितलं. रिझवाना पुढं झाली. "मॅडम, चूक माझी आहे. मशीननं एका तारखेची माणसं एकच धरली." मी आईचा हात धरून मागं उभी होते. आई विचारत होती, "काय म्हनत्यात? घ्येत न्हाईत का?"

डॉक्टरबाई वाईट नव्हत्या. पण त्या म्हणाल्या, "भिंगं मोजून मागवलीत हो. एकतीस माणसं, बासष्ट डोळे. एक डोळा आज, दुसरा पुढच्या महिन्यात. जास्तीची कुठून आणू?"

तेवढ्यात रांगेतून काठी वाजली. भिवाआप्पा.

"सरू कुटं हाय?"

"हितं हाय रं," आई म्हणाली.

"बाई," आप्पा डॉक्टरबाईंच्या आवाजाकडे तोंड करून म्हणाले, "मशीननं मला आन् हिला एकच धरलंय न्हवं? मग त्या मानसाच्या दोन डोळ्यांतला एक हिचा. मला एक बास हाय. पाटी माजी, पेन्सिल तिची."

मग मागून आणखी कुणीतरी म्हणालं, "माजा बी एकच करा." आणि आणखी एक. आणि आणखी. बाकावर बसलेली एक म्हातारी तेवढी म्हणाली, "मला दोन पायजेत." तिला शेजारणीनं कोपरानं ढोसलं, तेव्हा म्हणाली, "बरं, एक. पर चांगला बगून."

डॉक्टरबाईंनी सिस्टरकडे बघितलं. "डोळे किती?"

सिस्टर म्हणाली, "अठ्ठावन्न. मॅडम, वर चार उरतात."

*

चौथ्या दिवशी आईला येडगावला घेऊन आले. काळा चष्मा, औषधाच्या बाटल्या, सगळं सांभाळत. डॉक्टरबाईंनी सांगितलं होतं, जास्त वाकायचं नाही, धुरात जायचं नाही. आई चष्म्याआडून सगळीकडे बघत होती. मला म्हणाली, "तू लई वाळलीस गं." मग म्हणाली, "भिंतीला रंग कवा दिला?" तीन वर्षांपूर्वी दिला होता.

शेजारच्या शेवंताकाकी चौकशीला येऊन गेल्या. आता थकल्यात. गेलं वर्षभर त्यांच्या कोंबड्या एकेक करून नाहीशा होत होत्या, हे त्या पुन्हा एकदा सांगून गेल्या. अर्ज करकरून त्यांनी वन खात्याचा पिंजरा आणवला होता. आता रोज त्याच्याकडे बघत बसतात म्हणाल्या, मेला बिबट्या येतो कधी.

तिन्हीसांज व्हायला आली. मी म्हटलं, "आई, तू बस. कोंबड्या मी घालते."

"नगं. मला बगू दे." ती खुराड्यापाशी उभी राहिली. मी एकेक कोंबडी आत घालत गेले आणि ती, किती दिवसांनी, डोळ्यांनी मोजत गेली. एक, दोन, तीन. मध्येच थांबली. चष्मा वर केला. मी रागावले, तशी परत खाली केला. सात, आठ. पुन्हा थांबली. अकरा झाल्या.

"बरोबर आहेत ना?" मी विचारलं.

आई बराच वेळ खुराड्यात बघत राहिली. मग माझा दंड धरून तिनं मला जवळ ओढलं.

"अकराच हायेत," ती अगदी हळू म्हणाली. "पर ह्यातल्या सहा शेवंताच्या हायेत."

कुंपणापलीकडे शेवंताकाकी बिबट्यासाठी पिंजऱ्यात बांधलेल्या बकरीला पाणी पाजत होत्या.